समोरासमोर

एमरिक, आधी पिशवी ओत इथे, या सपाट दगडावर.
बाटली राहू दे. बाटलीचं नंतर बघू.

क्लेर्मोंहून पहाटे निघालास, इंजिन अजून कढत आहे,
आणि तुला माझ्याकडून एकच शब्द हवाय: छान.
बर्फाच्या एका चौकोनी खड्यावर
हा डोंगर ओतून विकायचाय तुला.
विक की. चाळीस वर्षं मी तेच विकतो,
फक्त बर्फाशिवाय, आणि पोत्यानं.

हे बघ. मनगटाएवढं, लांब, वाकडंतिकडं,
चिरलं की आतून पिवळं.
ही जांसियान. पहिलं फूल धरायला दहा वर्षं घेते,
म्हणून खणणारा घाईत असला की मला धास्ती वाटते.
हेही तिचंच. हेही. हे तुटकं, पण तिचंच.

आणि हे?

नाही, जिभेला लावू नकोस.
जिभेची साक्ष इथे चालत नाही,
कडू दोघीही आहेत.
एकीचा कडूपणा जेवणाआधी भूक आणतो,
दुसरीचा ओठ बधिर करतो, पोट उपसून काढतो,
आणि मग छातीतलं घड्याळ
दोन ठोक्यांच्या मध्येच
विसरून बसतं की आपल्याला चालायचंय.

आखूड गड्डा, खाली पांढुरक्या मुळ्यांची दाढी.
वेरात्र.
कधी खणलंस? ऑक्टोबरात? पानं झडल्यावर?
तेव्हा या उतारावर कुणालाच नाव नसतं.

जुलैत यायचं असतं, रिकाम्या हातांनी.
पानं समोरासमोर, दोन दोन,
जेवायला बसलेल्या नवराबायकोसारखी,
दोघांत मिळून एकच वाटी: ती जांसियान.
पानं एकाआड एक, जिना चढणाऱ्या भाडेकरूंसारखी,
कुणी कुणाकडे न बघता: ती दुसरी.
पानाची पाठ चोळायची, बोटाला लव लागली तर हात मागे.
मग खुंटी ठोकायची. माझ्या खुंट्यांना लाल चिंधी असते.
गाईंना विचारून उपयोग नाही,
त्या दोघींनाही तोंड लावत नाहीत.

ओदिलोंचं तू ऐकलं नसशील.
वाईनमध्ये मुरवलेली मुळं, मीच खणलेली.
अंधार पडत होता, आणि काट्याला
(सैतानाचा काटा म्हणतो आम्ही या अवजाराला)
जे लागेल ते उपसत गेलो.
फेर्नांदनं पहिलाच घोट थुंकला.
मी ओकलो, शेणाच्या ढिगामागे जाऊन.
ओदिलोंला चव आवडली.
म्हणाला, यंदा जोर आहे रे, आणि ग्लास पुढे केला.

ओरियाकचं हॉस्पिटल, रस्त्यावर बर्फ.
तो वाचला. हे मी नेहमी शेवटी सांगायचं ठरवतो
आणि आधीच सांगून टाकतो.
वाचला. पण पुढे एकवीस वर्षं
माझ्या हातचं पाणीसुद्धा तो वास घेऊन प्यायला,
उभ्यानं, दाराजवळ.

बारा लिटर आहे म्हणतोस. सात आठवडे मुरलंय.
ठाऊक आहे मला.
गाळून जात नाही ते. उकळून जात नाही.
एका गड्ड्यातलं किती उतरलं,
हे माझ्या नाकानं कसं सांगावं?

तिकडे नको, तिथे गाईंचा हौद आहे.
इकडे, खडीत. सगळं.
चिडलास तरी चालेल, फक्त ओत.

वास छान आहे.
तोच शब्द हवा होता ना तुला?

*

जुलैत पाकीट आलं. वर्तमानपत्रात दाबलेलं एक पान,
सोबत चिठ्ठी: हीच ना?

फेर्नांदनं चष्मा लावून पाहिलं. मी पाहिलं.
दोघांनी मान हलवली, वेगवेगळ्या दिशांना.

उलट टपाली लिहिलं:
एकट्या पानावरून मी नाव सांगत नाही.
खोडासकट दाखव. त्यापेक्षा स्वतःच ये.
बूट जाड घाल,
गवतात दुपारपर्यंत दव असतं.